फ्लॅशमध्ये घाम येत नाही

आमच्या ह्यांना काही विचारा, उत्तर लगेच मिळायचं नाही. आधी चष्मा पुसतील, मग लेन्सवर फुंकर मारतील, मग म्हणतील, "बघू." लग्न झाल्यापासून मी ह्या 'बघू'वर संसार करून राहिले. म्हणून फ्लॅशचे दिवे ठेवायचे की वापस करायचे, हे ह्यांनी आठवड्याच्या आत ठरवलं तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं! गल्लीभर सांगत सुटले होते मी. आणि आज सकाळी केशरबाई येऊन गेल्यापासून गल्लीत मान वर करायची हिंमत होत नाही.

हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला 'सूर्यकांत फोटो स्टुडिओ' अशी पाटी आहे. सूर्यकांत म्हणजे आमचे हे. मी सुनीती. फोटो हे काढतात, पण निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांच्या गालावरचे देवीचे वण बुजवते ती मी, आणि स्टुडिओचा कोट सांभाळते तीही मीच. हा कोट म्हणजे ह्यांच्या लग्नातला काळा कोट. ह्यांना तो आता पोटावर बसत नाही, पण साऱ्या तालुक्याला बसतो. साखऱ्याचा नवरदेव येऊ दे, गोरेगावचा दुकानदार येऊ दे, नोकरीला अर्ज करणारं पोरगं येऊ दे, सगळे त्याच कोटात. ढिला झाला तर पाठीमागून चिमटे लावायचे, आखूड झाला तर हात मांडीवर ठेवायला सांगायचं. घराघरात माझा नवरा लटकून राहिलाय, अशी मी चेष्टा करायची.

त्या कोटाचे वैरी म्हणजे आमचे दिवे. डालड्याच्या मोठ्या डब्यांचे पत्रे कापून ह्यांनी दोन पेट्या केल्या, आत पाचशे-पाचशे वॅटचे बल्ब बसवले आणि तोंडावर पांढरं मलमल ताणलं. कापडातून गाळून आला की उजेड मऊ पडतो, नाकाची सावली गालावर आपटत नाही. फोटो कसा लोण्यासारखा येतो. पण त्या उजेडात बसणाऱ्याचे हाल बसणाऱ्यालाच ठाऊक. वैशाखात तर भट्टीच. बायांचं काजळ ओघळायचं, लेकरं भोकाड पसरायची, बाप्यांच्या पाठीतून घामाच्या धारा लागायच्या. मलमल तर दोनदा करपलं. तो ओलाचिंब कोट संध्याकाळी उलटा करून पुसायचा, सकाळी उन्हात टाकायचा, खिशात डांबराच्या गोळ्या ठेवायच्या. मी रोज बडबडायची, "घाम धुवायलाच जन्माला आले जणू!" बडबडायची मी, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही.

मग नांदेडचा एक व्यापारी फ्लॅशचे दोन दिवे घेऊन आला. वापरून बघा, म्हणाला, पसंत पडले तर ठेवा. ट्रंकेएवढा एक डबा, त्यातून निघालेल्या जाड वायरी आणि वायरींच्या टोकाला दिवे. चालू केला की डबा कुईं करायचा, आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं की फट्ट! वीज चमकावी तसा उजेड, आणि पुन्हा सगळं मंद. दिव्यापुढं मलमल कितीही जवळ लावा, कापडाला धग म्हणून लागत नव्हती.

ह्यांना मात्र ते पटेना. "डोळ्याला दिसतो तो दिवा खरा," हे म्हणाले. "बल्ब लावला की सावली कुठं पडली ते समोर दिसतं. माणूस हसला की रुसला, डोळे मिटले की उघडे, सगळं बघून बटण दाबता येतं. हा फ्लॅश म्हणजे अंधारात दगड मारणं. काय आलं ते निगेटिव्ह धुतल्यावर कळणार."

"आणि बल्बात काय येतं ते मी सांगते," मी म्हणाले. "मिचमिचे डोळे. माणूस फोटोला बसलाय का मिरच्या कांडायला, तेच कळत नाही. शिवाय सांजच्याला लाइट मंदावली की तुमचे बल्ब कावीळ झाल्यासारखे पिवळे. फ्लॅशला काय, डबा भरायला जरा वेळ लागेल, पण पडेल तेव्हा पुरा पडेल."

"तुला काय कळतं उजेडातलं?"

"न कळायला काय झालं? तुमचे घोळ पेन्सिलीनं निस्तरतं कोण?"

यावर चष्मा पुसणं, फुंकर, आणि "बघू."

माझ्या मनात खरं तर केशरबाई होत्या. केशरबाई हट्टा गावच्या. नवरा लवकर गेला, लोकांच्या रानात निंदण-खुरपण करून त्यांनी एकुलत्या एका पोराला, शेषरावला, मास्तर केलं. उन्हाळ्यात दोघं आले होते. शेषरावनं दारातूनच "जय भीम" केला, ह्यांनी नुसती मान हलवली. त्यांना मायलेकांचा जोडीनं एक फोटो पाहिजे होता. पण केशरबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. बल्ब लागले तशा डोळ्यांतून धारा सुरू झाल्या त्या थांबेचनात. तरी ह्यांनी फोटो काढला. तो बघून केशरबाई म्हणाल्या, "मयताला बसल्यावानी दिसून राहिले की मी. माज्या लेकराला नोकरी लागायची, अन् मी रडू काहून?" तो फोटो त्यांनी नेलाच नाही. डोळ्यांना सोसेल असा दिवा आला की कळवा, म्हणाल्या.

आता शेषरावला नोकरी लागली होती ती कोकणात, चिपळूणला. एकदा पोरगं गेलं की केव्हा येईल कोण जाणे. घरात भिंतीला दोघांचा एक फोटो असावा, एवढीच त्या बाईची इच्छा. म्हणून मी ह्यांच्या मागे लागले होते. तुमच्या सावल्या-बिवल्या राहू द्या, म्हटलं, ज्याला उजेड सोसत नाही त्यानं फोटोच काढू नये काय?

आणि एक दिवस जेवता जेवता हे म्हणाले, "ठेवले दिवे. तू म्हणतेस ते बराबर आहे."

अगं बाई! भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. आमच्या ह्यांनी माझं ऐकलं! दुसऱ्याच दिवशी मी हट्ट्याला निरोप धाडला.

मायलेक सकाळच्या गाडीनं आले. दुसऱ्या दिवशी शेषरावला चिपळूणसाठी निघायचं होतं. स्टुडिओत तेव्हा बंडोपंत बसलेले. पंत तहसील कचेरीतले कारकून, आमच्या गल्लीतले, निवृत्त होणार म्हणून फोटो काढायला आलेले. केशरबाई बाहेर नळावर तोंड धुवायला थांबल्या. मी पडद्याआड आरसा पुसत होते. पंतांनी खुंटीवरचा कोट दोन बोटांत धरला, कॉलर नाकाशी नेली आणि विचारलं, "सूर्यकांतराव, काय काय लोक घालून जातात हो हा?"

बरं, एवढंच विचारलं. यावर 'रोज उन्हात टाकतो' म्हणून सांगता आलं असतं. मी रोज टाकतेच की! पण आमच्या ह्यांना, ज्यांच्या तोंडून एरवी शब्द ओढून काढावा लागतो, त्यांना त्या दिवशी कुठली वाचा फुटली देव जाणे.

"पंत, आता काळजीच सोडा," हे म्हणाले. "बल्ब होते तेव्हा कोट घामानं भिजायचा, खरं आहे. आणि धंद्यात कुणाला जात विचारता येत नाही. हट्ट्याचे मास्तर येतात, अजून कोण कोण येतं, नाही कसं म्हणायचं? आता फ्लॅशमध्ये घाम येतच नाही. कुणाचं अंग लागायचा प्रश्नच मिटला. तुमच्यासारख्यांना संकोच नको, म्हणून तर दिवे घेतले."

मी पडद्याची फट सारून बघितलं. दारात शेषराव उभा होता. वहाणा काढून, एक पाय उंबऱ्याच्या आत. सगळं ऐकलं, हे न विचारताच कळावं असा त्याचा चेहरा झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा नवरा, माझा कोट, आणि मीच निरोप धाडून बोलावलेली माणसं!

हे वळले तेव्हा ह्यांनाही तो दिसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या ह्यांच्या. घाईघाईनं पंतांचा फोटो उरकला. फट्ट! पंत अंग चोरून शेषरावच्या बाजूनं बाहेर पडले.

"या, या मास्तर," हे म्हणाले. आवाज असा, जणू काही झालंच नाही.

शेषराव हळू म्हणाला, "कोट नको. शर्टावरच काढा."

तेवढ्यात पदरानं तोंड पुसत केशरबाई आत आल्या. त्यांनी यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. "कोट नको? काहून नको?"

"माय, गरम होते."

"आता तर गरमीचा दिवा न्हाई म्हणले ना हे? मंग?" त्या चिडल्याच. "तुजा बाप जलमभर फाटक्या बंडीत राबला. कोट त्याला डोळ्यानं बी दिसला न्हाई. अन् तू मास्तर होऊन शर्टावर बसतू? घाल! घाल म्हणते ना!"

बिचाऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. काय करणार होता तो? निघून जावं तर मायला कारण सांगावं लागणार. कारण सांगावं तर तिच्या आनंदावर पाणी. उद्या गाडी. त्यानं माझ्या हातातून कोट घेतला. मग खिशातून आपला धुतलेला पांढरा रुमाल काढला, घडी उलगडली, आणि कॉलरच्या आतून मानेला गुंडाळून घेतला. असा, की कोटाला त्याची कातडी कुठं लागू नये.

"ते काय रे?" केशरबाईंनी विचारलं.

"साहेब लोक असाच लावतात, माय."

"व्हय का?" त्यांनी हरखून त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. कोटावर धूळ नव्हती. मी सकाळीच ब्रश मारला होता.

मग दोघं शेजारी शेजारी बसले. मंद बल्बाच्या उजेडात ह्यांनी कॅमेऱ्यात डोकं घातलं. "हं, इकडं बघा," म्हणाले, आणि फट्ट!

"झालं?" केशरबाई टाळी वाजवून हसल्या. "बाई, माज्या डोळ्याला काईच झालं न्हाई की! पाणी बी न्हाई! लई गुणाचा दिवा हाय तुमचा." मला तिथं धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फोटो छापला. केशरबाई काय सुंदर आल्या होत्या! डोळे टक्क उघडे, ओठांवर हसू, कपाळ चमकत होतं. आणि शेजारी शेषराव. जबडा आवळलेला. मान ताठ, कोटापासून जणू वेगळी काढून ठेवलेली, आणि कॉलरमधून तो पांढरा रुमाल ठळक दिसत होता. नजर कॅमेऱ्याकडे नव्हतीच. कॅमेऱ्याच्या मागं जो माणूस उभा होता, त्याच्याकडे होती.

ह्यांनी फोटो खिडकीशी नेऊन बघितला. "बल्ब असते तर मला दिसलं असतं," म्हणाले. "थांबलो असतो. हसा म्हणालो असतो."

"हसा म्हणाला असता? कशावर हसायचं होतं त्यानं?"

"सुनीती, रुमाल तेवढा काढून टाक. आणि ओठांच्या कडेला जरा पेन्सिल..."

"माझ्यानं व्हायचं नाही," मी म्हणाले. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून फोटोतल्या काळ्याचं पांढरं करता येतं, पण पांढऱ्याचं काळं करायचं तर पात्यानं खरडावं लागतं. तो रुमाल मी खरडू? त्याच्या गळ्यातला?

"अगं, पंतांना बरं वाटावं म्हणून तोंडातून निघून गेलं. माझ्या मनात तसं काही नाही."

"मनात नाही ते तोंडात आलं कुठून?"

यावर ह्यांनी चष्मासुद्धा पुसला नाही. खुर्चीत बसून राहिले. आणि मी तरी काय मोठी शहाणी? घाम, घाम म्हणून रोज कटकट करणारी मीच ना? ह्यांनी माझ्या कटकटीला पंतांपुढं जात लावली, एवढंच. मी म्हणत होते तेव्हा माझ्या मनात कुणाकुणाचा घाम होता, हे दोन दिवस स्वतःला विचारून राहिले, आणि मला धड उत्तर देता येईना.

आज सकाळी केशरबाई फोटो न्यायला आल्या, एकट्याच. पोरगं चिपळूणला पोचलं असेल, म्हणाल्या. ह्यांनी पाकीट पुढं केलं आणि नजर जमिनीला लावली. केशरबाईंनी फोटो काढून डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. आधी स्वतःला बघून लाजल्या. मग शेषरावकडे बघितलं, आणि हसू हळूहळू मावळलं.

"असं काहून बघून राहिलं पोरगं? माजं लेकरू असं कदीच बघत न्हाई."

हे घाईनं म्हणाले, "फ्लॅशमुळं होतं मावशी कधी कधी. नवीन दिवा आहे ना."

केशरबाईंनी ते खरं धरलं. जरा विचार केला आणि ह्यांना समजावून सांगावं तशा म्हणाल्या, "मंग वापस करा ना बाबा तो दिवा. माजे डोळे काय, गेले तर गेले. पर दुसऱ्या कोणाच्या लेकराला असं नका करू."

माझ्यानं राहवेना. ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको नको म्हणून. पण मी कुणाचं ऐकणारी! मी पुढं झाले आणि सगळं सांगून टाकलं. पंत काय म्हणाले, हे काय म्हणाले, शेषराव दारात उभा राहून काय ऐकत होता, आणि तो रुमाल साहेब लोकांचा नव्हता, हेसुद्धा. "दिव्याचा काही दोष नाही, मावशी," मी म्हणाले, "दोष आमचा आहे. आम्हाला माफ करा." डोळ्यांतून पाणी वाहत होतं माझ्या. मनावरची धोंड उतरल्यासारखं वाटत होतं. खरं बोलले, असं वाटत होतं.

मला वाटलं, त्या शिव्या देतील. द्यायलाच पाहिजे होत्या. मी तयारच होते.

त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. फोटो मांडीवर ठेवला आणि शेषरावच्या कॉलरवरून बोट फिरवत राहिल्या.

"तो नको म्हणत व्हता," त्या म्हणाल्या. "शर्टावर काढा म्हणत व्हता. मीच घालाया लावला. तुमच्यादेखत डाफरले की मी त्याला. व्हय ना बाई?"

होय म्हणू की नाही म्हणू? तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसले ते. जे पोरानं दात-ओठ आवळून मायपासून झाकलं, ते मी माझं मन मोकळं करायच्या नादात तिच्या पदरात टाकलं. माझी धोंड उतरली ती तिच्या छातीवर.

हे पुढं येऊन म्हणाले, "मावशी, पुन्हा काढू. मास्तर आले की पुन्हा काढू, शर्टावर काढू, हवा तसा काढू." केशरबाईंनी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोटो पाकिटात घातला, पाकीट पदराखाली धरलं आणि उठल्या. दारात जाऊन थांबल्या, आणि माझ्याकडे वळून, अगदी विनवणी केल्यासारखं म्हणाल्या,

"दिवाळीला येईल तो. इकडं आला तर मला कळलं म्हणून सांगू नका बाई. मायला समजलं म्हणून लाज वाटंल त्याला."

त्याला!